आठशेच्या खाली

त्याला भूक लागत होती, हे मला आधी कळलंच नाही. आजारी जनावर खाणं सोडतं आणि कोपऱ्यात बसून राहतं, एवढंच मला ठाऊक होतं. आमचा गिनी पिग मात्र फ्रीजचं दार वाजलं की पूर्वीसारखाच शिट्टी मारायचा, जाळीला पुढचे पाय टेकून उभा राहायचा, कोथिंबिरीची काडी तोंडात घ्यायचा, दोन-तीनदा जबडा हलवायचा आणि काडी जशीच्या तशी खाली पडायची. मग तो दुसरी घ्यायचा. तीही पडायची. मी ऑफिसच्या घाईत जाताजाता बघायची आणि म्हणायची, काय माज आलाय बघा याला, ताजी कोथिंबीर नको झालीय.

माज नव्हता. ते आधी मुलीच्या लक्षात आलं. त्याला मांडीवर घेऊन ती टीव्हीसमोर बसली होती, आणि एकदम म्हणाली, "आई, याची हाडं लागतायत गं हाताला."

केक करायचा म्हणून कधीतरी आणलेला स्वयंपाकघरातला वजनकाटा आम्ही बाहेर काढला. त्यावर प्लास्टिकचं टोपलं ठेवलं, टोपल्यात तो. नऊशे चाळीस. सहा महिन्यांपूर्वी मुलीने गंमत म्हणून केलेलं वजन तिच्या फोनमध्ये होतं, एक हजार साठ. एकशेवीस ग्रॅम म्हणजे काय, माणसाच्या हिशेबात काहीच नाही. पण हजार ग्रॅमच्या जिवातले एकशेवीस गेले म्हणजे साठ किलोच्या बाईतले सात किलो गेले. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. असे हिशेब माझ्या डोक्यात आपोआप होतात.

आम्ही मुलुंडला पूर्वेला राहतो. घरात मी, माझी तेव्हा दहावीतली मुलगी आणि माझे सासरे. त्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो. नाना ऐंशीच्या पुढचे, मालवणकडचे. गिरणी बंद पडेपर्यंत गिरणीत होते, मग पंधरा वर्षं कुठे कुठे वॉचमन. माझा नवरा त्याच्या अडीच वर्षं आधी कॅन्सरने गेला होता. हा गिनी पिग त्याने लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला आणला होता, मला न विचारता, बुटांच्या खोक्यात घालून. नानांनी तेव्हा खोक्यात डोकावून विचारलं होतं, "ह्यो उंदीर कोणी हाडलो?" आणि नाना पुढे त्याला उंदीरच म्हणत राहिले. तिने त्याला एक छान नाव दिलं होतं, ते मी इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.

स्टेशनजवळचे कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर सज्जन होते. त्यांनी त्याला उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, खरं सांगू? मला या प्राण्याचं फार कळत नाही. वेळ घालवू नका." अंधेरीच्या एका डॉक्टरीणबाईंचा नंबर त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिला. तिथे जाईपर्यंत आठवडा गेला, कारण त्यांची वेळच मिळेना. तोवर त्याची हनुवटी सतत ओली राहायला लागली होती, लहान बाळाची लाळेरी ओली होते तशी.

अंधेरीच्या डॉक्टर पस्तिशीच्या आतबाहेरच्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी त्याच्या तोंडात बारीक कॅमेरा घातला आणि आम्हाला स्क्रीनवर दाखवलं. गुलाबी अंधारात पांढरे, तिरके सुळके. "या दाढा. यांचे दात मरेपर्यंत वाढत राहतात. गवत चावून चावून झिजायला पाहिजेत. तुम्ही काय देता?"

मुलीने यादी सांगितली. दुकानातल्या गोळ्या, गाजर, काकडी, कोथिंबीर.

"आणि गवत?"

गवत आम्ही द्यायचो, सटीसामाशी. मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावर गवत रोज कुठून आणणार, असं मी तेव्हा मनात म्हटलंसुद्धा. हल्ली वाळलेलं गवत घरपोच मिळतं, पण ते मागवायचं मला कधी सुचलं नव्हतं.

"दाढा आत वळल्यात. जिभेवर टेकायला लागल्यात," त्या म्हणाल्या. "त्याला खायचंय, पण जीभ हलत नाही. दाढा कापायला लागतील. पण प्रॉब्लेम असा की छातीत सर्दी भरलीय. आत्ता भूल दिली तर तो उठेलच याची गॅरंटी मी देणार नाही. दोन आठवडे औषध देऊ, छाती साफ करू, तोपर्यंत तुम्ही हाताने भरवायचं. रोज सकाळी एकाच वेळेला वजन. लिहून ठेवा आणि दर रविवारी मला फोटो टाका." मग त्या मुलीकडे वळल्या. "आत्ता आठशे पासष्ट आहे. आठशेच्या वर टिकला तर आपण थांबू. आठशेच्या खाली गेला तर सर्दी-बिर्दी काही बघायची नाही, त्याच दिवशी घेऊन यायचा. कारण मग भूल नाही, उपास मारेल त्याला. कळलं ना?"

मुलीने मान हलवली. मीही हलवली. सगळं स्वच्छ ऐकलं होतं मी.

भरवणं म्हणजे काय ते सांगते. गवताची पूड कोमट पाण्यात कालवायची, पातळ पिठल्यासारखी. ती सुई नसलेल्या सिरिंजमध्ये भरायची. त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घ्यायचं आणि ओठांच्या बाजूने, पुढच्या दातांच्या मागे सिरिंजचं टोक सरकवून थेंब थेंब सोडायचं. घाई केली तर ठसका लागून श्वासनळीत जातं. हळू केलं तर तासभर लागतो. दिवसातून पाचदा. सकाळी लॅबला जायच्या आधी मी, दुपारी शाळेतून आल्यावर मुलगी, मधल्या वेळी नाना. नाना चष्मा लावून, टॉवेलाची गुंडाळी छातीशी धरून बसायचे आणि त्याच्याशी बोलायचे. "खा रे उंदरा. खा मेल्या. आमका गिरणीत ह्यापरीस वायट गावायचा." गिरणीत सूत जोडलेली त्यांची बोटं अजून थरथरत नव्हती. माझ्यापेक्षा त्यांच्या हातून जास्त जायचं.

तरीही वजन उतरत होतं. आठशे अठ्ठावन्न. आठशे एकेचाळीस. आठशे तीस. सकाळी सव्वासहाला मी काटा लावायची, मुलगी बाथरूममधून ओरडून विचारायची, "किती?" मी आकडा सांगायची, ती येऊन फ्रीजवरच्या कागदावर लिहायची. आकडा उतरलेला असला की ती चहात बिस्कीट बुडवून तसंच ठेवायची, बिस्किटाचा लगदा व्हायचा. तिची पूर्वपरीक्षा सुरू होणार होती. पुस्तक उघडून तासभर एकच पान. एकदा मी रागावले तर म्हणाली, "तो खात नाही आई. मी कशी खाऊ?" तिचीही गालाची हाडं दिसायला लागली होती, की मलाच तसं वाटत होतं, देव जाणे.

पूर्वपरीक्षेच्या आदल्या दिवशी, सोमवारी, काट्यावर सातशे ब्याण्णव आले.

मी टोपलं उचललं, काटा शून्यावर आणला, परत ठेवलं. सातशे ब्याण्णव. परत. सातशे एक्क्याण्णव.

"किती?"

"आठशे बावीस," मी म्हणाले.

"म्हणजे थोडंच उतरलं? आठशेच्या वर आहे?" ती तोंडाला फेस तसाच ठेवून बाहेर आली. तिचा चेहरा बघितला आणि मी हसले. "हो. टिकलाय." तिने कागदावर आठशे बावीस लिहिलं, आणि त्या दिवशी अख्खा पराठा खाल्ला.

आयुष्यभर मी आकडे खरे लिहिले आहेत. कुणाचं हिमोग्लोबिन पाच आलं तर पाचच लिहायचं. पेशंटची बायको समोर रडत असली तरी पाचच. लॅबमध्ये माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलींना मी हे शंभरदा सांगितलंय. आणि घरात, माझ्या ओट्यावर, मी एका गिनी पिगचं वजन तीस ग्रॅमने वाढवून सांगितलं. त्या वेळी वाटलं, आजचा दिवस काढू. दुपारी जास्त भरवू, उद्या आकडा वर येईल आणि सांगितलेलं खरं होईल. शनिवारपर्यंत पेपर संपतील असंही नव्हतं, पण गणिताचे दोन तरी होतील. आणि आत खोल कुठेतरी ती भूल होती. तो उठणार नाही, या भीतीपेक्षा तो हळूहळू वाळतोय, हे बरं वाटत होतं. वाळणं आज आहे, उठणं-न उठणं उद्या. असा तो कोता हिशेब.

दुसऱ्या दिवशी सातशे पंच्याऐंशी. मी आठशे वीस सांगितलं. मग सातशे एकाहत्तर, आठशे अठरा. एकदा खोटं सांगितलं की खरं सांगायची वाट बंद होते, कारण मग एका रात्रीत पन्नास ग्रॅम कुठे गेले हे सांगावं लागतं. मी जास्त भरवायला लागले. दुपारच्या सुट्टीत लॅबमधून रिक्षाने घरी यायची, त्याला भरवून परत जायची. एकदा घाईत त्याला ठसका लागला आणि तो हातात ताठ झाला, डोळे बाहेर, तोंड उघडं. मी त्याला उलटा धरला, पाठीवर बोटांनी थापटलं. नाकातून हिरवं पाणी आलं आणि त्याने श्वास घेतला. मी जमिनीवर बसून राहिले. नाना दारात उभे होते.

"गो," ते म्हणाले, "सकाळचो काटो मी पण बघतंय. माका चष्म्यान दिसता."

मी त्याचं नाक टॉवेलने पुसत राहिले.

"चेडवाक कित्याक फसयतंस?"

"परीक्षा आहे नाना तिची. आठवडा जाऊ दे."

नानांनी माझ्या हातातली सिरिंज काढून घेतली. मग हळू म्हणाले, "मागच्या वेळाक पण तू आठवडो जाव दे म्हणालं होतंस." आणि आत निघून गेले.

ते काय म्हणाले ते मला नीट कळलं होतं. नवरा शेवटच्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये होता तेव्हा मी मुलीला सांगत होते, पप्पांना बरं वाटतंय, थोडे दिवस जाऊ देत. ती साडेबारा वर्षांची होती. तिला मी शेवटचे पंधरा दिवस नेलंच नाही, कारण तो ओळखू येत नव्हता. तो गेला त्या दिवशी ती शाळेच्या चित्रकला स्पर्धेला गेली होती. बक्षीस घेऊन घरी आली.

रविवार आला. मुलीने फ्रीजवरच्या कागदाचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. मी भाकरी थापत होते. हात थांबले माझे, पण तोंड उघडलं नाही. पाच मिनिटांत उत्तर आलं, ते तिने मोठ्याने वाचून दाखवलं. "छान. आठशेच्या वर टिकतोय. तसंच चालू ठेवा, पुढच्या आठवड्यात बघू." तिने मला मागून मिठी मारली. तव्यावरची भाकरी करपली.

त्या सकाळचं खरं वजन सातशे चाळीस होतं.

पुढच्या गुरुवारी तिचा पेपर लवकर सुटला. मी लॅबमध्ये एका आजोबांच्या दंडाला पट्टा बांधून शीर शोधत होते, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजायला लागला. तीनदा कट झाला आणि परत वाजला. आजोबांचं रक्त घेतलं, कापूस दाबला आणि मग फोन घेतला.

"आई, मी त्याचं वजन केलं."

"का?"

"असंच. तो खूप हलका लागला. सातशे सहा आलं." तिचा आवाज अगदी सपाट होता. "मला वाटलं काटा बिघडला. म्हणून मी मिठाचं पाकीट ठेवून बघितलं. एक किलोचं. एक हजार तीन आलं. मग साखरेचं ठेवलं. काटा बरोबर आहे आई."

मी खुर्चीत बसले. आजोबा कापूस धरून माझ्याकडे बघत होते.

"सकाळी तू आठशे पंधरा सांगितलंस. खरं किती होतं?"

"सातशे दहा," मी म्हणाले.

पलीकडे कपाटाचं दार वाजलं. मग ती म्हणाली, "मी त्याला घेऊन अंधेरीला निघतेय. तू येणार असशील तर खाली ये. नाहीतर मी नानांबरोबर जाते."

लॅबच्या दारात रिक्षा थांबली तेव्हा ती आत बसलेली होती, मांडीवर टॉवेलाची गुंडाळी, टॉवेलातून त्याचं नाक. नाना घरी थांबले होते. मी बाजूला बसले. लिंक रोडला पवईपर्यंत ट्रॅफिक तुंबलेलं. मी दोनदा तिच्या हातावर हात ठेवायला गेले, तिने हात काढून घेतला, रागाने नाही, नुसता काढून घेतला, गुंडाळी नीट करायच्या निमित्ताने. त्याचे डोळे अर्धे मिटलेले होते. आता तो शिट्टी मारत नव्हता. बारीक, एकसारखे दात वाजवत होता. त्यांना दुखलं की ते तसं करतात, हे मला नंतर समजलं.

डॉक्टरांनी आधी काट्यावर ठेवला. सातशे दोन. त्यांनी फोनमधला रविवारचा फोटो काढून बघितला, परत काट्याकडे बघितलं. "चार दिवसांत शंभरच्या वर? असं होत नाही."

मुलगी माझ्याकडे बघत होती. सगळं तिनेच सांगून टाकलं असतं तर सोपं झालं असतं.

"कागदावरचे आकडे खोटे आहेत," मी म्हणाले. "मी खोटं सांगत होते. मागच्या आठवड्यातल्या सोमवारपासून तो आठशेच्या खाली आहे."

डॉक्टर रागावतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी हातमोजे चढवले. "किती दिवस झाले?"

"अकरा."

"अकरा," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या तोंडात कॅमेरा घातला. या वेळी स्क्रीनवर सुळके वेगळे दिसत नव्हते. दोन्ही बाजूंच्या दाढा मधोमध येऊन टेकल्या होत्या, आणि त्यांच्याखाली जीभ, कमानीखाली अडकल्यासारखी. "बघा. याने गेले काही दिवस स्वतः काहीही गिळलेलं नाही. जेवढं तुम्ही आत ढकललं तेवढंच." त्या थांबल्या. "छाती मात्र साफ झालीय. हे मागच्या आठवड्यात करता आलं असतं."

एवढंच बोलल्या त्या. मला वाटतं कुणी थोबाडीत मारली असती तरी मी उभी राहिले असते. ते वाक्य ऐकून मी बाजूच्या स्टुलावर बसले.

त्यांनी त्याला ठेवून घेतलं. रात्रभर सलाईन, थोडी ताकद आली तर सकाळी अकराला ऑपरेशन. जगण्याची शक्यता विचारली तर म्हणाल्या, "निम्मी म्हणते मी, पण निम्मीसुद्धा जास्त सांगतेय."

दुसऱ्या दिवशी मुलीचा विज्ञानाचा दुसरा पेपर होता. सकाळी ती गणवेश न घालता तयार झाली. मी तिच्याबरोबर निघाले. दवाखान्याबाहेर तीन पायऱ्या होत्या, तिथे आम्ही बसलो. अकरा वाजले, सव्वाअकरा. समोर एक बाई हातगाडीवर शहाळी सोलत होती. मी दोन घेतली, तिने घेतलं नाही. मीही पिऊ शकले नाही. दोन्ही शहाळी पायरीवर तशीच.

"तुला वाटलं मी परीक्षेत नापास होईन?" तिने विचारलं. आदल्या दुपारनंतरचं पहिलं वाक्य.

"नाही गं. तू जेवत नव्हतीस. मला तुझं..."

"पप्पांच्या वेळेला पण तू हेच केलंस." ती समोर बघून बोलत होती. "तू म्हणालीस दिवाळीला घरी येतील. मी किल्ला बांधला. नाना मला माती आणून देत होते आणि रडत होते. मी विचारलं का रडताय, तर म्हणाले डोळ्यात माती गेली. सगळ्यांना माहीत होतं. मी एकटीच वेड्यासारखी किल्ल्यावर दिवे लावत होते."

मला वाटलं होतं ती विसरली. साडेबारा वर्षांचं पोर, काय लक्षात राहणार. मी त्या वेळी तिला वाचवतेय असंच समजत होते, आणि इतकी वर्षं तेच समजत होते. तोंडात "सॉरी" आलं पण तो शब्द इतका हलका होता की उच्चारवेना. मी म्हणाले, "मला सांगता येत नव्हतं. सांगितलं की ते खरं होईल असं वाटायचं."

"ते खरंच होतं आई."

"हो."

"मी त्यांना बघितलं असतं. कसेही दिसत असते तरी."

ती रडली नाही. मी रडले. शहाळीवाल्या बाईने एकदा वळून बघितलं आणि पुन्हा कोयता हातात घेतला. मी पदराने तोंड दाबलं. ओढणी होती, पदर नव्हता, तरी सवयीने हात खांद्याकडे गेला.

बारा वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर स्वतः बाहेर आल्या. त्यांचा चेहरा बघून काही कळेना. "भुलीतून उठतोय," त्या म्हणाल्या. "उठला म्हणजे जिंकला असं नाही. जबड्याचे स्नायू गेलेत. आता तो स्वतः खायला शिकतो की नाही, ते पुढचे दहा दिवस ठरवतील."

ते दहा दिवस मी पुन्हा जगू शकणार नाही. दात कापले होते, जीभ मोकळी होती, समोर गवत होतं, आणि तो गवताकडे पाठ करून बसायचा. तिसऱ्या दिवशी सहाशे अठ्ठ्याहत्तर. आता काटा मुलगी लावायची. मी स्वयंपाकघरात उभी राहायची, ती मला विचारायची नाही आणि सांगायचीही नाही. कागदावर लिहायची, मी नंतर जाऊन वाचायची. पाचव्या दिवशी सहाशे अडुसष्ट. त्याने लेंड्या टाकणं थांबवलं. पोट टम्म. डॉक्टरांना फोन, गॅसचे थेंब, पोटावर गोल गोल चोळणं. मुलगी एका हाताने चोळायची, दुसऱ्या हातात भूमितीचं पुस्तक. नानांनी सिद्धिविनायकाला नवस बोलायचा विषय काढला आणि स्वतःच म्हणाले, "उंदरासाठी उंदीरवाल्याकच सांगूक व्हया." आमच्यापैकी कुणी हसलं नाही. मी मनातल्या मनात नवस बोलले. काय बोलले ते कुणाला सांगितलेलं नाही.

नाना रोज सकाळी स्टेशनबाहेरच्या फुलवाल्यांकडे जायचे आणि दूर्वांच्या जुड्या आणायचे. वाळलेल्या गवतापेक्षा त्या मऊ. एक एक दूर्वा घेऊन त्याच्या ओठांवरून फिरवत बसायचे, तासन्‌तास. तो मान फिरवायचा. नाना दुसरीकडून फिरवायचे.

नवव्या दिवशी मी लॅबमधून आले तर दोघं जमिनीवर बसले होते, नाना आणि मुलगी, पिंजऱ्याच्या दोन बाजूंना, आणि मुलीने मला हाताने थांबवलं. हलू नकोस. त्याच्या तोंडातून दूर्वेचं हिरवं टोक बाहेर आलेलं होतं. ते हलत होतं. थांबलं. मी वाट बघत होते ते खाली पडायची. मग ते आत गेलं, थोडं, आणखी थोडं, आणि दिसेनासं झालं.

"चौथी," मुलगी कुजबुजली. "ही चौथी आहे."

मी चपला न काढता तिथेच दाराशी खाली बसले.

तो त्यानंतर आठ महिने जगला. दाढा काही पहिल्यासारख्या झाल्या नाहीत. दर सहा-सात आठवड्यांनी परत अंधेरी, परत भूल, परत त्या पायऱ्या. वजन कधी साडेआठशेच्या पुढे गेलं नाही. प्रत्येक वेळी तो आतून जिवंत बाहेर यायचा आणि आठवडाभर आमचा जीव टांगणीला लागायचा. मुलीला दहावीत मार्क ठीक मिळाले, फार चांगले नाहीत. मला माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही आणि मी विचारलंही नाही. एका संध्याकाळी भाजी निवडताना एकदम म्हणाली, "पप्पा शेवटी कसे दिसत होते?" मी सांगितलं. सगळं. पायांची सूज, पिवळे डोळे, कवळी काढून ठेवल्यासारखं आत गेलेलं तोंड, आणि तो तिची चित्रांची वही मागायचा हेही. ती शेंगा सोलत ऐकत राहिली. अर्ध्या सोललेल्या शेंगा बराच वेळ तिच्या मांडीवर पडून होत्या.

पाचव्या वेळी डॉक्टर म्हणाल्या, आता मुळंच वर सरकलीत, डोळ्याच्या मागे दुखतंय त्याला. पुढे काय ते त्यांनी मुलीला विचारलं, मला नाही. ती तेव्हा अकरावीत होती. तिने त्याला तासभर मांडीवर घेतलं आणि मग हो म्हणाली. इंजेक्शन देताना तिनेच धरलं होतं. मी बाजूला उभी होते. तिने एकदा माझा हात ओढून त्याच्या पाठीवर ठेवला, तिच्या हाताशेजारी. पाठीचा कणा मण्यांसारखा लागत होता. मग तो मणी-मणी तसाच राहिला आणि खालचं धडधडणं थांबलं.

नानांनी सोसायटीच्या मागच्या भिंतीशी खड्डा खणला, सेक्रेटरीला न विचारता.

उरलेली गवताची पूड, सिरिंजा, अर्धी बाटली थेंब, हे घेऊन आम्ही पुढच्या रविवारी अंधेरीला गेलो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून. बाकावर एक माझ्या वयाचे गृहस्थ बसले होते, मांडीवर जाळीची पिशवी, पिशवीत काळा-पांढरा गिनी पिग. त्यांना आत भरवायचं शिकवलं होतं, पण ते सिरिंज समोरून लावत होते आणि सगळं हनुवटीवरून ओघळत होतं. मुलगी थोडा वेळ बघत राहिली. मग त्यांच्याजवळ जाऊन जमिनीवर बसली.

"काका, समोरून नको. बाजूने द्या," ती म्हणाली. "थांबा, मी दाखवते."